मागच्या चाकांची बदनामी

पालघरला हिवाळा येतो तो मुख्यतः कॅलेंडरवर. डिसेंबरात पहाटेची लोकल पकडणारे चाकरमाने कानाला मफलर गुंडाळतात खरे, पण विरार येईपर्यंत तोच मफलर घाम पुसायच्या कामी लागलेला असतो. केळव्याच्या किनाऱ्यावर जानेवारीत माणसं 'काय मस्त गारवा पडलाय' म्हणत गार शहाळं पितात. अशा मुलखात राहून 'मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार हिवाळ्यात रस्त्यावर काढावी की काढू नये' या विषयावर तावातावाने लिहायला बसणं म्हणजे वाळवंटातल्या माणसाने छत्रीच्या काडीवर प्रबंध लिहिण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण विषय मी काढलेला नाही. तो सातासमुद्रापलीकडून आला, वाटेत थोडा भिजला आणि दर जूनला माझ्या अंगावर येऊ लागला.

माझा मेहुणा कॅनडात, माँट्रियलला असतो. त्याच्याकडे लालभडक, दोनच माणसं मावतील अशी एक स्पोर्ट्स कार आहे. (तिसरं माणूस आलंच तर ते सासरचं असू नये, हा त्या रचनेमागचा हेतू असावा.) तिच्या इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना मिळते. तिकडे नोव्हेंबरात बर्फ पडायला लागला की मेहुणा गाडीवर झूल पांघरतो आणि एप्रिलमध्ये काढतो. गाडी पाच महिने झोपते. कर्जाचे हप्ते मात्र झोपत नाहीत. त्यांना हिवाळा नाही, उन्हाळा नाही. 'मागच्या चाकांची गाडी बर्फात शेपूट फिरवते हो, भावोजी,' असं तो मला व्हिडिओवर सांगतो. मी त्याला काही बोलत नाही. त्याच्या गावचा बर्फ त्याला ठाऊक.

पण हेच तत्त्वज्ञान इकडे आलं, बर्फाच्या जागी पाऊस घातला गेला, आणि मेहुण्याच्या लाल गाडीच्या जागी माझी गाडी आली, तेव्हा मात्र गप्प राहणं अशक्य झालं.

माझ्याकडेही स्पोर्ट्स कार आहे. हसू नका. तिचं वर्णन ऐका. इंजिन मागे. ताकद मागच्या चाकांना. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद. पुढचं झाकण उघडलं तर खाली इंजिन नाही, नुसती जागा. जगातल्या कुठल्याही मोटारवेड्याला हे वर्णन ऐकवा, तो डोळे मिटून 'पोर्शे ९११' म्हणेल. माझी गाडी टाटा नॅनो आहे. फरक किमतीत आहे. आणि किंमत हा माझ्या खात्यातला विषय असल्यामुळे सांगतो, तो किरकोळ नाही. पोर्शेला सहा सिलिंडर असतात, माझ्या गाडीला दोन. तिचं इंजिन ६२४ सी.सी.चं. चाकाला नट तीन. चौथ्याचे पैसे वाचवले. ब्रेक चारी चाकांना जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. कंपनी सांगायची की ताशी १०५ किलोमीटरपर्यंत जाते. मी शहानिशा केलेली नाही, कारण पालघर ते बोईसर या बारा-तेरा किलोमीटरांत तेवढा सलग रस्ता मला कोणी दाखवलेला नाही. २०१८ साली ही गाडी निघायची बंद झाली आणि त्यानंतर मी ती सेकंड हँड घेतली. बी. कॉम. माणूस भाव पडल्यावरच माल उचलतो.

तर ही गाडी घेऊन मी पावसाळ्यात पालघरहून उमरोळीवरून बोईसरच्या शाखेत जातो, आणि ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बघवत नाही. सेक्रेटरींकडे चारी चाकांना ताकद जाणारी उंच गाडी आहे. तिच्यात चढायला पायरी आहे आणि उतरायला आत्मविश्वास लागतो. मृग लागला की ते मला गेटपाशी गाठतात. 'अहो बँकवाले, मागच्या चाकांची गाडी ती! पावसात काढू नका. गर्रकन फिरेल. अहो, सातपाटीच्या होड्यासुद्धा १ जूनला किनाऱ्यावर येतात, तुम्ही काय कोळ्यांपेक्षा जास्त शहाणे?'

मी म्हणालो, 'अहो सेक्रेटरीसाहेब, होड्या येतात ते समुद्र खवळतो म्हणून, शिवाय माशांना अंडी घालायला उसंत द्यायची असते म्हणून. उमरोळीच्या रस्त्यावर कोण अंडी घालतंय?' यावर आजूबाजूची मंडळी हसायला हवी होती. ती हसली नाहीत. त्यांनी सेक्रेटरींच्या बाजूने माना डोलावल्या. डोलावणाऱ्यांत एक बोलेरोवाले होते, एक साध्या, म्हणजे दोनच चाकांना ताकद असलेल्या स्कॉर्पिओवाले होते आणि एक 'छोटा हत्ती' चालवून दूध पोचवणारे होते. वाचकहो, या तिन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालतात. त्या बिचाऱ्यांना ते कोणी सांगितलेलं नाही. शिवाय जो तरुण स्कूटरवर बसल्या बसल्या मान हलवत होता, त्याच्या स्कूटरचं पुढचं चाक चालतं असं त्याला वाटत असेल तर माझं बोलणंच खुंटलं.

माझं म्हणणं इतकंच आहे की हा महाराष्ट्र पावसाळ्यात मागच्या चाकांवरच वाढला. आमची एस्.टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली. तारीख बघा. ऐन पावसाच्या तोंडावर, मागच्या चाकांची गाडी! त्या वेळी आमचे सेक्रेटरी असते तर त्यांनी 'दसऱ्यापर्यंत थांबा' म्हणून अर्ज दिला असता. त्यानंतर आंबोली, फोंडा, वरंधा, माळशेज या घाटांतून धो धो पावसात जी तांबडी गाडी माणसं, कोंबड्या, फणस आणि नवऱ्या मुली पोचवत आली, तिला ढकलत होती ती मागची चाकं. अँबॅसडर मागच्या चाकांची. फियाट, म्हणजे पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले ती, मागच्या चाकांची. जीप, ट्रक, सगळं मागून. पुढच्या चाकांना कामाला लावणारी मारुती आली १९८३ साली. त्याआधीचे सगळे पावसाळे लोकांनी काय घरात बसून काढले? मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. वयोमर्यादेमुळे, घसरल्यामुळे नव्हे.

एक गोष्ट मात्र कबूल. त्या पद्मिन्यांत मागच्या सीटवर पाच नातेवाईक आणि डिकीत तांदळाची पोती असायची. त्या वजनाने मागची चाकं रस्त्याला चिकटून राहायची. परदेशात बर्फात यासाठी लोक डिकीत वाळूची पोती टाकतात म्हणे. आपल्याकडे आतेभाऊ बसवत.

बोईसर स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याला मी मुद्दाम विचारलं, 'भाऊ, तुमच्या रिक्षाचं इंजिन मागे, ताकद मागच्या चाकांना. पावसात भीती नाही वाटत?' तो म्हणाला, 'साहेब, मागच्यांची कशाला? भीती पुढच्या चाकाची. एकच आहे ना ते.'

एवढं तांत्रिक ज्ञान आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला झालं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

आता सेक्रेटरींच्या म्हणण्यात तथ्य काहीच नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. थोडं आहे. केळीवाल्याची हातगाडी आठवा. तो ती मागून ढकलतो. सावकाश ढकलली तर मुकाट वळते. ओल्या फरशीवर वळताना त्याने दणकन जोर लावला तर मात्र मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि केळी रस्त्यावर. मागच्या चाकांच्या गाडीचं अगदी हेच. वळणावर ॲक्सिलरेटर दाबलात की शेपूट फिरतं. अशा वेळी घाबरून ब्रेकवर उभं राहायचं नसतं. पाय हळूच सैल करायचा आणि शेपूट ज्या बाजूला चाललंय त्या बाजूला स्टिअरिंग वळवायचं. आणि पुढच्या चाकांची गाडी? ती म्हणजे दोरी बांधून ओढलेली गाडी. तिला वळणावर वेग जास्त झाला की पुढची चाकंच घसरतात. तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ समोरच्याच्या अंगणात जाते. म्हणजे एक गाडी पाठ दाखवून खड्ड्यात जाते आणि दुसरी तोंड दाखवून. यात बदनामी एकट्या पाठीची का?

आणि सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. मागच्या चाकांची, पुढच्या चाकांची, चारी चाकांची हा सगळा भेद गाडी पळवण्याचा आहे. थांबवताना जगातली प्रत्येक मोटार चार चाकांची असते. ब्रेक चौघांनाही असतात. सेक्रेटरींच्या गाडीला जी जास्तीची दोन चाकं जोर लावतात, त्यांचा उपयोग चिखलातून निघायला, चढ चढायला, शेतातल्या घराशी जायला. उमरोळीपाशी अचानक म्हैस आडवी आली तर त्या चार चाकांच्या ताकदीचा उपयोग शून्य. उलट गाडी जड, म्हणून म्हशीलाच काळजी. पण माणूस एकदा त्या उंच सीटवर बसला की त्याला वाटतं, पाऊस खाली पडतोय, आपल्यावर नाही. मग तो वाघोबा खिंडीच्या वळणांवर, जिथे माकडंसुद्धा कठड्याला धरून बसतात, तिथे पुढच्या ट्रकला मागे टाकतो.

बर्फवाल्यांचं काय म्हणणं आहे तेही बघू. मेहुण्याच्या क्यूबेक प्रांतात कायदा आहे : १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर सक्तीचे. हे टायर मऊ रबराचे असतात, थंडीत कडक होत नाहीत, खाचा खोल असतात. कायद्यात टायरांची सक्ती आहे. ताकद मागे आहे की पुढे, याची चौकशी त्या सक्तीत नाही. ज्यांच्याकडे खरोखर बर्फ पडतो त्या सरकारला चाकांपेक्षा टायर महत्त्वाचा वाटला, आणि ज्यांच्याकडे पंख्याखाली झोपून हिवाळा काढतात त्या आमच्या सोसायटीला चाकं! आणखी एक पुरावा देतो. युरोपात जानेवारीत माँटे कार्लोची रॅली होते. आल्प्सचे घाट, रात्र, बर्फ, सगळं साग्रसंगीत. १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन वर्षं ती कुठल्या गाडीने जिंकली? पोर्शे ९११. इंजिन मागे, ताकद मागे. म्हणजे माझ्या गाडीची थोरली बहीण. (धाकट्या बहिणीला अजून कोणी बोलावलेलं नाही.)

तेव्हा मुद्दा टायरचा आहे. आणि इथे मला एक हिशेब मांडू द्या, कारण वीस वर्षं मी दुसऱ्यांचेच मांडत आलोय.

गाडी रस्त्याला किती टेकते? माझी गाडी आणि आतली मंडळी मिळून ८०० किलो धरा. टायरमध्ये हवा ३० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार करा : ३८० चौरस सेंटिमीटर. चार चाकांत वाटा : प्रत्येकी ९५. हा आकडा म्हणजे काय, ते मी एका ग्राहकाची सही तपासता तपासता शोधून काढलं. बँकेचा चेक मधोमध दुमडा. तो अर्धा चेक म्हणजे साधारण तेवढी जागा. एका टायरचा रस्त्याशी संबंध अर्ध्या चेकाएवढा. चार टायर म्हणजे दोन चेक. बायको, दोन मुलं, आईचे गुडघे, शाळेचा डबा आणि मी, असा सगळा संसार ताशी ५० किलोमीटरने दोन चेकांवर चाललेला असतो. ते चेक वटायला हवेत, की नको?

टायरवरच्या खाचा कशासाठी असतात? नक्षीसाठी नव्हे. रस्त्यावरचं पाणी बाजूला सारायला. ते सारलं गेलं नाही तर रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी घुसतं आणि टायर तरंगतो. मग ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवा, कुलदैवताला हाक मारा, तिन्हींचा परिणाम सारखाच. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या नासाच्या लोकांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र बसवलं. हवेचे जितके पौंड, त्यांचं वर्गमूळ काढा आणि पावणेसतराने गुणा. रस्त्यावर पुरेसं पाणी असेल तर ताशी तितक्या किलोमीटरला टायर तरंगायला लागतो. ३० पौंड हवेला उत्तर येतं ९१. हवा २० पौंडांवर उतरलेली असेल तर ७५. टायर गुळगुळीत झालेला असेल तर त्याला पुरेसं पाणी म्हणजे अगदी पातळ थरही पुरतो. आपल्या कायद्याने मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. त्यासाठी खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटेच दिलेले असतात. टायर झिजत झिजत त्यांच्या पातळीला आला की मुदत संपली. ठेवीची पावती असती तर लोक मुदतीच्या दिवशी सकाळी साडेनऊला शटरबाहेर उभे राहिले असते. टायरची मुदत संपली की म्हणतात, 'अजून एक पावसाळा काढेल.'

वेगाचा हिशेब तर चक्रवाढ व्याजापेक्षा वाईट. वेग दुप्पट केला की थांबायला लागणारं अंतर चौपट. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ६० ने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर अंदाजे १८ मीटरांत थांबते. रस्ता ओला असेल तर ३५ धरा. शिवाय डोक्यातून पायापर्यंत हुकूम पोचायला एक सेकंद, तेवढ्यात आणखी १७ मीटर गेलेले. पहिल्या सरीचा पहिला अर्धा तास तर सगळ्यात वाईट. आठ महिने रस्त्यावर साचलेली धूळ, रबराचा भुगा आणि ट्रकांनी ठिबकवलेलं तेल वर येतं आणि सगळ्याचं मिळून एक गुळगुळीत पिठलं होतं. चिल्हार फाट्यावरून बोईसरला येणारा रस्ता बघा, तारापूर एम्.आय्.डी.सी.चे ट्रक आणि कंटेनर रात्रंदिवस त्या रस्त्याने जातात. तिथला पहिला पाऊस हा कवितेचा विषय नाही.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय. पण माझ्या टेबलावर एक कागद येतो, तेव्हा मला हसता येत नाही.

बँकेत आम्ही पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चालवतो. २०१५ साली ती १२ रुपयांत सुरू झाली, २०२२ पासून वर्षाला २० रुपये. अपघातात माणूस गेला तर वारसाला दोन लाख. तिचं वर्षही १ जूनपासूनच सुरू होतं. पावसाळा लागला की काही आठवड्यांनी एखादी बाई, एखादा म्हातारा बाप, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून माझ्या काउंटरला येतो. एम्.आय्.डी.सी.त तिसऱ्या पाळीला जाणारा मुलगा असतो, कधी वाड्याहून नाहीतर विक्रमगडहून कामाला आलेला. दाव्याच्या फॉर्मवर अपघाताचं स्वरूप लिहायचं असतं. ते बहुतेक वेळा मलाच लिहून द्यावं लागतं, कारण त्यांचा हात थरथरत असतो. मी विचारतो, 'काय झालं, मावशी?' उत्तर ठरलेलं : 'गाडी घसरली.'

गाडी घसरली. आपल्या मराठीची ही सोय मला अलीकडे फार बोचते. कर्ता गाडी. क्रियापद अकर्मक. कोणी घसरवली नाही, ती आपली आपण घसरली. 'ब्रेक लागला नाही.' 'झाड आडवं आलं.' 'खड्डा समोर आला', जसा काही खड्डा चिल्हारहून चालत निघाला होता. या वाक्यांत कुठेही मालक नाही, टायर नाही, कंत्राटदार नाही, इंजिनियर नाही, डबल शिफ्ट करायला लावणारा सुपरवायझर नाही. मी फॉर्मवर लिहितो, 'गाडी घसरून', आणि पुढे मृत्यूची तारीख. मावशीला मी काय व्याकरण शिकवणार? तिच्याकडून काही चुकलेलंच नाही. पण जी मंडळी ए.सी. लावून, काचा वर करून, मोबाइल कानाला लावून तेच वाक्य म्हणतात, आणि वर 'मागच्या चाकांची होती ना' असं निदान करतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. मागची चाकं सापडली की बाकी सगळे सुटतात. चौकशी संपली, फाइल बंद, चाक दोषी.

खड्ड्याला तर चाकांचा भेद माहीतच नाही. तो पाण्याने भरला की स्कूटर, रिक्षा, नॅनो, पोर्शे सगळ्यांना समान न्याय देतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावलं तर वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी. न्यायालयाने गाडी पुढून चालत होती की मागून, असं विचारलं नाही. रस्ता कोणाचा होता, एवढंच विचारलं. शंभर पावसाळे बघितलेल्या माणसासारखा प्रश्न आहे तो.

आणि ज्या गाडीवरून हे रामायण, तिच्या जन्माची कथा तर सेक्रेटरींनी मुद्दाम ऐकावी. रतन टाटांनी स्वतः सांगून ठेवलंय : स्कूटरवर नवरा-बायको आणि मध्ये चेपलेलं पोर, असं कुटुंब निसरड्या रस्त्यावरून जाताना त्यांना वारंवार दिसायचं, त्यावरून ही गाडी डोक्यात आली. म्हणजे ओल्या रस्त्यावर घसरणाऱ्या माणसांसाठीच जी गाडी काढली, ती ओल्या रस्त्यावर काढू नका, असा आमच्या सोसायटीचा हुकूम! छत्री घ्या, पण पावसात उघडू नका.

जिथे १९६९ साली देशातली पहिली अणुवीज तयार झाली त्या तारापूरपासून आम्ही जेमतेम तासाभराच्या अंतरावर राहतो. अणू काबूत ठेवण्याची विद्या एवढ्या जवळ असताना उजवा पाय काबूत ठेवण्याची विद्या पालघरपर्यंत पोचायला काय हरकत होती?

मे महिन्यातल्या एका रविवारी मी लाकडी पट्टी सोडून मुलाच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेतली आणि आमच्या पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या टायरची खाच मोजली. वॉचमनने दोनदा 'साहब, कुछ गिर गया क्या?' म्हणून विचारलं. आकडे एका जुन्या लेजरच्या पानावर उतरवले. माझ्या गाडीचे चारी टायर मागच्याच वर्षी बदललेले. नॅनोचे टायर एवढेसे असतात की चार बदलूनही खिसा शाबूत राहतो. छोटा हत्तीचे मागचे दोन गुळगुळीत, अगदी आमच्या मॅनेजरांच्या डोक्यासारखे. बोलेरो ठीक. स्कूटरवाल्या तरुणाच्या मागच्या टायरवर खाच कुठे होती ते शोधायला पुरातत्त्व खात्याला बोलावावं लागेल. आणि सेक्रेटरींच्या चार चाकांच्या उंच गाडीचा पुढचा डावा टायर : सव्वा मिलिमीटर. तळाचे उंचवटे वर येऊन माझ्याकडे बघत होते.

मी तो कागद आणि सोबत एक अर्ज सोसायटीत दिला. अर्जात लिहिलं की दरवर्षी २५ मेच्या आत प्रत्येक सभासदाने आपल्या वाहनाच्या टायरची खाच आणि हवा तपासून घ्यावी, तिसऱ्या पाळीला दुचाकीवर जाणाऱ्या मुलांचे टायर सोसायटीच्या सिंकिंग फंडातून बिनव्याजी उचल देऊन बदलावेत, आणि गेटजवळचा खड्डा बुजवावा. सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला. 'सिंकिंग फंडाला असा हात लावता येत नाही, तुम्ही बँकवाले असून सांगावं लागतं?' म्हणाले. मी म्हटलं, 'मग वर्गणी काढू. पहिले पाचशे माझे.' त्यावर ते थोडे नरमले. विषय महत्त्वाचा आहे, धोरणात्मक आहे, तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागेल, असं त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात लिहून सही केली. सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि अजेंड्यावर सातव्या क्रमांकाला माझा अर्ज, आठव्याला चहापान. पाचशे रुपये मात्र मी त्यांच्या हातात देऊन पावती घेतली आहे, आणि स्कूटरवाल्या तरुणाला शनिवारी बोईसरच्या टायरवाल्याकडे घेऊन जायचं ठरलं आहे. तो माझ्या गाडीत मागे बसणार आहे. म्हणाला, 'काका, वजन मागे हवं ना?'